पर्णकृमीचे स्नायू आणि चेतातंतू पाहण्यासाठी गेलेली पाच वर्षे

ऑक्टोबर २०२४ मध्ये माझी पीएच.डी.ची मौखिक परीक्षा झाली आणि जून २०१९ मध्ये सुरू झालेले एक काम संपले. विषय होता रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात व यकृतात राहणाऱ्या पर्णकृमींची, म्हणजे पानासारख्या चपट्या परजीवी कृमींची, चेतासंस्था आणि त्यांच्या स्नायूपेशींची रचना. मी एका तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि हे काम नोकरी सांभाळून केले. सुरुवातीला या विषयावर मराठीत विचारावे असे कोणी मला सापडले नाही. कत्तलखान्याची परवानगी कोणाकडे मागायची, कृमी कोणत्या द्रवात ठेवायचे, प्रतिपिंडे (ठरावीक रेणूलाच चिकटणारी प्रथिने) कशी मागवायची, कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाचे (लेसरने नमुना थराथराने दाखवणाऱ्या) तास कसे मिळवायचे, हे सगळे चुकत चुकत शिकावे लागले. या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या कोणाला थोडी तरी कल्पना यावी म्हणून घडले त्या क्रमाने लिहिते आहे.

जून २०१९ मध्ये संशोधन मान्यता समितीपुढे मी सिनॉप्सिस मांडला. पहिलाच प्रश्न आला, तो म्हणजे या कामाचा उपयोग काय. प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर मी तयार ठेवले होते. प्राझिक्वांटेल हे औषध दिले की शिस्टोसोमा या रक्तात राहणाऱ्या पर्णकृमीच्या पेशींत कॅल्शियम शिरते, त्याचे स्नायू एकदम आखडतात आणि त्याची पकड सुटते. म्हणजे कृमी मारण्याचा एक मार्ग थेट त्याच्या स्नायूंतून जातो. मात्र हेच औषध जनावरांच्या यकृतातील फॅसिओलावर चालत नाही. एकाच गटातील दोन कृमी एकाच औषधाला इतका वेगळा प्रतिसाद देत असतील, तर त्यांचे स्नायू आणि त्या स्नायूंना हलवणारे चेतातंतू नीट माहीत असायला हवेत, असे मी समितीला सांगितले. (पेशीत कॅल्शियम आत सोडणाऱ्या ज्या आयनमार्गावर प्राझिक्वांटेल काम करते तो २०१९ मध्येच ओळखला गेला, आणि फॅसिओलाच्या त्याच मार्गातील एका अमायनो आम्लाच्या फरकामुळे औषध तेथे बसत नाही, हे पुढे २०२१ मध्ये दाखवले गेले. मौखिक परीक्षेच्या वेळी मला याचा फार आधार झाला.) समितीने शीर्षकातील एक शब्द बदलायला सांगून विषय मंजूर केला. मंजुरीचे पत्र हातात यायला सात आठवडे लागले.

त्याच ऑगस्टमध्ये सातारा, सांगली आणि कोल्हापूर भागांत महापूर आला. कचेऱ्या वेगळ्या आणि खऱ्या तातडीच्या कामात गुंतल्या होत्या, त्यामुळे माझा कत्तलखान्याचा अर्ज सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तसाच राहिला आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. अर्ज नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करावा आणि त्याची एक प्रत पशुधन विकास अधिकाऱ्यांना द्यावी. सोबत महाविद्यालयाचे शिफारसपत्र, विषय मंजुरीच्या पत्राची प्रत आणि आपण तेथून नेमके काय नेणार आहोत याचे एका पानाचे निवेदन जोडावे. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलासमोरून उठू नये. माझा पहिला अर्ज सापडत नाही असे मला सांगण्यात आले होते, तेव्हा त्या शिक्क्यामुळेच काम पुढे सरकले. याच सुमारास संस्थेच्या प्राणी नीतिविषयक समितीकडेही अर्ज करावा लागतो. संशोधनासाठी कोणतेही जनावर मारले जाणार नाही, खाद्य म्हणून कापलेल्या जनावरांच्या टाकून दिल्या जाणाऱ्या भागांतूनच कृमी घेतले जातील, असे लिहून दिल्यावर समितीने ना हरकत पत्र दिले. आमच्याकडे या समितीची बैठक वर्षातून दोनदा होत असे, त्यामुळे तारीख आधी विचारून ठेवावी. ती चुकली की सहा महिने गेले म्हणून समजावे.

सप्टेंबरच्या अखेरीस मी पहिल्यांदा पहाटे साडेपाचला तेथे गेले. मनात भीती होती आणि पोटात कालवाकालव होत होती, हे लपवण्यात अर्थ नाही. वजडी धुण्याच्या ओट्यावर काम करणारे एक वयस्कर गृहस्थ होते. मी काय शोधते आहे ते त्यांना सांगितल्यावर त्यांनी एका म्हशीचे पहिले पोट उलटे करून माझ्यापुढे पसरले आणि म्हणाले, "ताई, हे काय, इथं चिकटलेत बघा." त्या टॉवेलसारख्या खरखरीत अस्तरावर, घडीच्या आतल्या बाजूला, डाळिंबाच्या दाण्यांसारखे गुलाबी कृमी दाटीवाटीने बसले होते. पुस्तकांत या वर्गाला चपटे कृमी म्हणतात खरे, पण गॅस्ट्रोथायलॅक्स, म्हणजे हाच पोटातला पर्णकृमी, भिजवलेल्या शेंगदाण्यासारखा जाड आणि निमुळता असतो, त्याच्या पोटाकडच्या बाजूला एक पिशवी असते आणि मागच्या टोकाला मोठा चूषक. चिमट्याने ओढले तर तो सहज सुटत नाही, आणि सुटलाच तर त्या चूषकात अस्तराचा एक छोटासा गोंडा घट्ट अडकून येतो. जो स्नायू मी पुढे पाच वर्षे अभ्यासणार होते, त्याची ताकद मला त्या सकाळी बोटांना कळली.

तेथे शिकलेल्या दोन गोष्टी सांगते. चिमट्याने ओढण्याऐवजी अस्तराचा तुकडाच कापून कोमट सलाइनमध्ये ठेवला, तर कृमी अर्ध्या तासात आपणहून सुटतात आणि त्यांना इजा होत नाही. आणि तोंड रुंद असलेला साधा थर्मास सोबत न्यावा. त्यात ३९ अंशांच्या आसपासचे सलाइन असेल, तर दोन तासांच्या प्रवासानंतरही कृमी जिवंत आणि हलते राहतात. गार झालेला कृमी आखडतो आणि मग त्याचे स्नायू कोणत्या अवस्थेत दिसत आहेत याचा भरवसा राहत नाही.

या कामातली सर्वांत महाग चूक याच टप्प्यावर झाली. आमच्या प्रयोगशाळेत कृमींच्या वर्गीकरणाची जुनी परंपरा आहे. तेथे कृमी काचांमध्ये दाबून ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात आणि नंतर कार्माइनने रंगवतात. मीही तेच केले. डिसेंबर २०१९ पर्यंत माझ्याकडे जवळपास तीनशे कृमी जमले, प्रत्येक बाटलीवर तारीख, जनावर आणि अवयव यांची चिठ्ठी होती, आणि आपण व्यवस्थित काम केले आहे असे मला मनापासून वाटत होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. प्रयोगशाळा बंद झाली आणि बाटल्या कपाटात राहिल्या.

त्या महिन्यांत मी वाचन केले. पर्णकृमींच्या शरीरावर सेरोटोनिन या चेतासंदेश पोहोचवणाऱ्या रसायनाचा परिणाम होतो हे फॅसिओलावरच्या प्रयोगांतून १९५० च्या दशकातच दिसले होते: सेरोटोनिनने त्याची हालचाल वाढते आणि अॅसिटिलकोलीनने मंदावते. आपल्या स्नायूंना अॅसिटिलकोलीन हा आकुंचनाचा आदेश असतो, येथे तोच शिथिल होण्याचा. मेंढ्यांच्या आतड्यात आपल्याकडेही आढळणाऱ्या मोनिझिया या पट्टकृमीत १९९१ मध्ये बेलफास्टच्या संशोधकांनी न्यूरोपेप्टाइड एफ हा चेतातंतूंतील आणखी एक संदेशवाहक रेणू ओळखला. रशिया आणि फिनलंडमधील प्रयोगशाळांनी एकाच कृमीत स्नायू लाल आणि चेतातंतू हिरवे रंगवून ते एकमेकांशेजारी दाखवण्याची पद्धत रुळवली होती. मला तेच करायचे होते. पण त्यासाठीचा खर्च पाहिल्यावर मी कागद मिटून ठेवला आणि आधी स्वस्तात काय जमेल याचा विचार सुरू केला.

ज्यांच्याकडे कॉन्फोकल नाही त्यांनी पुढचा भाग अवश्य वाचावा, कारण माझ्या मते ही पद्धत आपल्या महाविद्यालयांतून विनाकारण विसरली गेली आहे. कार्नोव्हस्की आणि रूट्स यांनी १९६४ मध्ये दिलेली कोलीनएस्टरेज, म्हणजे अॅसिटिलकोलीन मोडणारे विकर (एन्झाइम), रंगवण्याची पद्धत साध्या सूक्ष्मदर्शकावर चालते. तिला अॅसिटिलथायोकोलीन आयोडाइड, सोडियम सायट्रेट, कॉपर सल्फेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड एवढीच मुख्य रसायने लागतात. यांपैकी पहिलेच काय ते महाग. माझा एकूण खर्च साडेसहा हजार रुपयांच्या आत राहिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रयोगशाळा पुन्हा उघडल्यावर मी म्हशीच्या पित्तनलिकांतून फॅसिओला जायगँटिकाची लहान, पातळ पिल्ले घेतली, दोन काचांमध्ये हलक्या हाताने दाबून थंड फॉर्मॅलिनमध्ये चार तास ठेवली, रात्रभर बफरमध्ये धुतली आणि मिश्रणात सोडली.

पहिला तासभर काहीच दिसले नाही. मग मुखचूषकाच्या मागे, घशाच्या दोन्ही बाजूंना, तांबूस तपकिरी रंगाचे दोन पुंजके उमटले आणि त्यांना जोडणारा एक आडवा पट्टा दिसू लागला. त्या चेतागुच्छिका, म्हणजे कृमीचा मेंदू, होत्या. तिसऱ्या तासापर्यंत त्यांच्यापासून मागे जाणाऱ्या पोटाकडच्या दोन जाड दोऱ्या शेपटाकडे पोहोचल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये ठरावीक अंतरावर आडव्या पट्ट्या भरत चालल्या होत्या, जशी शिडीला पायरी पायरी बसवत जावी. पाठीकडच्या आणि बाजूच्या दोऱ्या बारीक होत्या, त्या फोकस बदलल्यावरच सापडल्या. शेजारच्या बशीत मी इसेरिन घातलेला कृमी ठेवला होता. इसेरिन हे विकर अडवते, आणि तो कृमी शेवटपर्यंत रंगहीन राहिला. शिकवताना फळ्यावर मी ती शिडी शेकडो वेळा काढली असेन. ती खऱ्या शरीरात डोळ्यांसमोर उमटताना पाहून मी बराच वेळ खुर्चीवरून उठले नाही. या पद्धतीत मिश्रण त्याच दिवशी करावे, आणि रंग गडद होऊ लागला की दर दहा मिनिटांनी पाहावे. एकदा मी जेवायला गेले आणि परत येईपर्यंत सगळा कृमी तपकिरी झाला होता.

चेतासंस्थेचा आराखडा मिळाला, पण स्नायू कळायचे राहिले होते. त्यासाठी फॅलॉइडिन हवे. अमॅनिटा फॅलॉइड्स या विषारी अळंबीतील हा रेणू स्नायूंतील तंतुरूप अॅक्टिन या प्रथिनाला घट्ट चिकटतो, आणि त्याला जोडलेला रंगकण लेसरखाली चमकतो. सेरोटोनिन दाखवण्यासाठी सशात तयार केलेले प्राथमिक प्रतिपिंड आणि त्याला ओळखणारे हिरव्या रंगाचे दुय्यम प्रतिपिंड हवे होते. सप्टेंबर २०२१ मध्ये लघुसंशोधन अनुदानाचा पहिला हप्ता आला आणि खरेदीची प्रक्रिया सुरू झाली. तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीची सही, आणि एकाच कंपनीकडे मिळणाऱ्या वस्तूसाठी वेगळे प्रोप्रायटरी सर्टिफिकेट. या शेवटच्या कागदाविना माझी फाइल दोनदा परत आली, म्हणून तो विक्रेत्याकडून दरपत्रकाबरोबरच मागून घ्यावा. प्राथमिक प्रतिपिंड ५२,००० रुपये, दुय्यम ११,५०० आणि फॅलॉइडिन ३४,००० असे एकूण ९७,५०० रुपये झाले. माल जानेवारी २०२२ मध्ये बर्फाच्या खोक्यातून आला. अनुदानाचा दुसरा हप्ता चौदा महिने उशिरा मिळाला, त्यामुळे मधला खर्च घरातून करावा लागला. उपयोगिता प्रमाणपत्रासाठी प्रत्येक पावती लागते, अगदी बर्फाचीसुद्धा.

प्रतिपिंड आल्या दिवशीच पाच-पाच मायक्रोलिटरच्या नळ्यांत वाटून ठेवावे. आमच्या गावात वीज दिवस दिवस जाते. एकाच नळीतले प्रतिपिंड तीनदा वितळून पुन्हा गोठले असते, तर अख्खे वर्ष वाया गेले असते.

फेब्रुवारीत मी कपाटातल्या तीनशे कृमींपैकी सर्वांत चांगले दहा निवडले, त्यांवर फॅलॉइडिन घातले आणि आमच्याच विद्यापीठातील साध्या फ्लुरोसंट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सगळे काळे. मात्रा वाढवली, वेळ वाढवला, पुन्हा तेच. दोन आठवडे मी रंगालाच दोष देत होते. शेवटी माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "हे कृमी कशात ठेवले होते?" अल्कोहोलने अॅक्टिनची ती घडण मोडते जिला फॅलॉइडिन ओळखते. रंग उत्तम होता. ज्याला तो चिकटणार, तेच दोन वर्षांपूर्वी नाहीसे झाले होते. त्या संध्याकाळी मी बसस्टँडवर बसून रडले. ज्या कोणाला पुढे कधी स्नायू पाहायचे असतील, त्याने पहिल्या दिवशीच काही कृमी ताज्या बनवलेल्या चार टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये ठेवावेत. बाजारातल्या तयार फॉर्मॅलिनवरही विसंबू नये, कारण ते टिकावे म्हणून त्यात मिथेनॉल घातलेले असते.

मार्च २०२२ मध्ये पुन्हा त्याच ओट्यावर गेले. ते गृहस्थ मला विसरले नव्हते. टाळेबंदीत काम बंद असताना त्यांनी गावी जाऊन मेंढ्या सांभाळल्या होत्या, आणि पावसाळ्यानंतर गळ्याखाली पाणी उतरून त्यांतल्या चार गेल्या, असे त्यांनी सांगितले. हे पर्णकृमींच्या त्रासाचे नेहमीचे लक्षण. तळ्याकाठच्या गोगलगायींतून बाहेर पडलेली पिल्ले गवताला चिकटतात आणि चरताना पोटात जातात, हे त्यांना ठाऊक नव्हते. आम्ही त्यावर बराच वेळ बोललो.

या वेळी कृमी कोमट सलाइनमध्ये मेंथॉलचे खडे टाकून पंचवीस मिनिटे शिथिल केले, मग चार अंशांवर पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये आणि पुढे साखरेच्या द्रावणात ठेवले. गॅस्ट्रोथायलॅक्स जाड असल्यामुळे अख्खा रंगवून उपयोग नव्हता. प्रतिपिंड आत पोहोचत नाही आणि लेसरही शंभरेक मायक्रोमीटरच्या पुढे नीट पाहत नाही. म्हणून क्रायोस्टॅट या गोठवलेला नमुना कापणाऱ्या यंत्रावर ३० मायक्रोमीटरचे सेक्शन, म्हणजे पातळ काप, कापले. हे यंत्र आमच्याकडे नव्हते. शेजारच्या जिल्ह्यातील एका संस्थेत ते होते, आणि महिन्यातून दोन शनिवार मला तेथे बसू देण्यात आले. कापताना कृमीची दिशा सांभाळणे फार महत्त्वाचे असते, कारण या गटात मधल्या उभ्या रेषेतून कापलेल्या सेक्शनमधील चूषक व घसा यांच्या स्नायूंची मांडणी पाहूनच जाती ओळखतात. स्वीडनच्या नॅसमार्क यांनी १९३७ मध्ये घालून दिलेली ही रीत आजही वापरात आहे. स्नायूंची रचना म्हणजे या कृमींचे जणू ओळखपत्रच आहे, हे मला तेव्हा उमगले आणि विषयाबद्दलचा माझा आदर वाढला.

प्राथमिक प्रतिपिंडात सेक्शन दोन दिवस, फॅसिओलाची अख्खी पिल्ले पाच दिवस, दोन्ही चार अंशांवर. मग धुणे, दुय्यम प्रतिपिंड, पुन्हा धुणे, फॅलॉइडिन, आणि शेवटी ग्लिसरीनमध्ये काच बसवणे. या धुण्याच्या टप्प्यांत घाई करू नये.

कॉन्फोकलसाठी पुण्यातील एका संस्थेत नाव नोंदवले. अशी केंद्रीय उपकरणे कोठे आहेत ते आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर शोधता येते. विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र, नमुना संसर्गजन्य नसल्याचे प्रमाणपत्र आणि आगाऊ पैसे एवढे लागले. ताशी ८०० रुपये, तीन तासांचे कर धरून २,८३२ रुपये. पाच आठवड्यांनी, जून २०२२ मध्ये वेळ मिळाली.

त्या तीन तासांतले पहिले दोन माझ्या काळजीत गेले. पडद्यावर सगळीकडे हिरवा झगमगाट होता, शरीराच्या दोन्ही कडांना तर मोठमोठे हिरवे घोस, आणि मला वाटले की हे सगळे सेरोटोनिनच आहे. यंत्र चालवणाऱ्या ताईंनी प्राथमिक प्रतिपिंड न घातलेली काच मागितली. मी तशी एकच काच नेली होती, तीही सवयीने. तिच्यावरही तेच घोस तसेच चमकत होते. त्या पीतक ग्रंथी होत्या. अंड्याचे कवच ज्या द्रव्यापासून बनते ते त्यांत साठलेले असते आणि ते रंगाशिवायही चमकते. ताईंनी त्या काचेवर यंत्राची संवेदनशीलता इतकी खाली आणली की घोस जवळजवळ विझले, आणि मग त्याच मापावर खरी काच लावली. जे उरले ते सेरोटोनिन होते. तेव्हापासून दर तीन काचांमागे एक विना-प्रतिपिंडाची काच हा माझा नियम झाला आहे. सर्वांत चांगली काच कधीही आधी लावू नये, लेसरने हिरवा रंग पाहता पाहता विझतो.

शेवटच्या तासात जे दिसले ते सांगण्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला घेतला. फॅलॉइडिनच्या लाल रंगात फॅसिओलाच्या पिल्लाची शरीरभिंत थराथराने उलगडत गेली. सर्वांत बाहेर, त्वचावरणाच्या लगेच खाली, केसासारखे बारीक वर्तुळाकार तंतू एकमेकांना लागून होते. फोकस थोडा आत नेला की ते नाहीसे होऊन लांबीच्या दिशेचे जाड जुडगे येत, दोन जुडग्यांमध्ये मोकळी जागा ठेवून. आणखी आत गेल्यावर दोन्ही बाजूंनी तिरपे येऊन एकमेकांना छेदणारे तंतू होते, सुंभाची बाज विणावी तशी चौकटींची वीण. आमच्या अंगणात आजीची तशी बाज होती, तिच्यावर कोठेही बसले तरी ताण सगळीकडे वाटला जाई. हाडे नसलेले हे शरीर लांब होते, आखूड होते, कुशीवर वळते, ते या तीन थरांच्या एकमेकांविरुद्धच्या ओढीवर. त्या लाल विणीतून हिरवे चेतातंतू जात होते, जागोजागी मण्यांसारखे फुगलेले, आणि मुखचूषकाच्या व गर्भाशयाच्या नलिकेभोवती त्यांची जाळी सर्वांत दाट होती.

गॅस्ट्रोथायलॅक्सच्या मागच्या चूषकाचे सेक्शन मी नोव्हेंबरमध्ये पाहिले. तेथे आतल्या पृष्ठभागापासून बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत जाणारे अरीय तंतू, चाकाच्या आऱ्यांसारखे, बाकी सगळ्यांपेक्षा जास्त होते. ते आखडले की चूषकाची भिंत पातळ होते, आतली पोकळी वाढते, दाब उतरतो आणि अस्तर आत ओढले जाते. पहिल्या सकाळी चिमट्याला सुटत नव्हता तो गोंडा या आऱ्यांनी धरून ठेवला होता.

एक गोष्ट मात्र फॅलॉइडिनने दिसत नाही. ते फक्त आकुंचन पावणारा भाग दाखवते, आणि पर्णकृमीच्या स्नायूपेशीचे केंद्रक त्या भागात नसतेच. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. मी २०२३ च्या जानेवारीत आठ नमुने ग्लुटराल्डिहाइडमध्ये पाठवले आणि चित्रे मे महिन्यात मिळाली. आठांपैकी पाच नमुन्यांत काही उपयोगाचे नव्हते. उरलेल्यांत जाड व बारीक तंतू शेजारी शेजारी दिसत होते, पण आपल्या हातापायांच्या स्नायूंत असतात तसे आडवे पट्टे नव्हते. आणि एका चित्रात तंतूंच्या जुडग्यापासून एक अरुंद पेशीद्रवाचा पूल आत उतरत होता आणि त्याच्या टोकाला केंद्रक असलेला गोलसर पेशीभाग लटकला होता. आखडणारा भाग एकीकडे, त्याला पोसणारा भाग दुसरीकडे. पाच महिने आणि अठरा हजार रुपये त्या एका चित्रासाठी गेले, आणि मला ते अजिबात जास्त वाटत नाहीत.

पुढचा भाग बहुतेक विद्यापीठांत सारखाच असतो. सहामाही प्रगती अहवाल वेळेवर द्यावेत, माझा एक राहिला तेव्हा दंड भरून विलंबाचे कारण लिहून द्यावे लागले. प्रबंधपूर्व सादरीकरण नोव्हेंबर २०२३ मध्ये झाले, साहित्यचौर्य तपासणीत साम्य दहा टक्क्यांच्या आत यावे लागते, आणि पद्धतींचे प्रकरण स्वतःच्या शब्दांत लिहिले नाही तर तेथेच ते वाढते. प्रबंध फेब्रुवारी २०२४ मध्ये सादर केला, परीक्षकांचे अहवाल यायला सात महिने गेले. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पीतक ग्रंथींच्या चमकेबद्दल विचारले, आणि मी नियंत्रणाच्या काचेचे चित्र पुढे ठेवले.

शेवटचे काम राहिले होते ते नमुने जमा करण्याचे. ज्या जातींवर प्रबंध लिहिला त्यांचे संदर्भ नमुने एखाद्या मान्य संग्रहात ठेवावेत, असे परीक्षकांनी सुचवले, आणि मी पुण्यात आकुर्डी येथील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे पत्र पाठवले. संग्रहासाठी हवे होते दाबून सरळ केलेले, अल्कोहोलमध्ये ठेवलेले, कार्माइनने रंगवता येतील असे कृमी, आणि प्रत्येकाबरोबर तारीख, जनावर व अवयव यांची चिठ्ठी. मी कपाट उघडले. २०१९ च्या हिवाळ्यातल्या त्या बाटल्या तशाच होत्या. त्यांतले चौदा कृमी निवडले, रंगवले आणि त्यांच्या मूळ चिठ्ठ्यांसह काचांवर बसवून डिसेंबरमध्ये स्वतः नेऊन दिले.